मामा बसले, त्याची हकिगत

माणूस हा उभा राहणारा प्राणी आहे. चार पायांवरून दोन पायांवर यायला त्याला काही लाख वर्षं लागली. दोन पायांवरून खुर्चीवर यायला मात्र एक नेमणूकपत्र पुरतं. प्रगतीचा वेग कसा वाढत जातो, याचं याहून चांगलं उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

आमचं ऑफिस नोंददुरुस्तीचं. जन्माच्या, मृत्यूच्या, लग्नाच्या नोंदींत ज्या चुका होतात त्या आमच्याकडे दुरुस्त होतात. (चुका वरच्या मजल्यावर होतात. ते ऑफिस वेगळं, साहेब वेगळे, जिना तेवढा एक.) चौदा टेबलं, सदतीस खुर्च्या, लोकांसाठी एक खिडकी आणि तीन बाकं, आणि साहेबांच्या केबिनबाहेर एक स्टूल. त्या स्टुलावर मामा.

मामा आमचे शिपाई. नोकरी चौतीस वर्षं. साहेबांपासून झाडूवालीपर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणतात. ऑफिसने त्यांना नेमकं कधी मामा बनवलं, हे आता कुणालाच आठवत नाही.

तर एका सोमवारी साहेबांची कंबर धरली. डॉक्टरांनी सांगितलं, फार वेळ बसू नका, अधूनमधून उभं राहून काम करा. दुसरा कुणी असता तर गुपचूप एकटाच उभा राहिला असता. पण आमच्या साहेबांना स्वतःपुरता विचार करताच येत नाही. त्यांनी मला बोलावलं आणि विचारलं, "आपल्याकडे माणूस दिवसात किती तास बसतो?"

मी आस्थापना शाखेत आहे. कोण किती बसतो हे मला माहीत असणं अपेक्षित आहे. मी पाहणी करून आठ दिवसांत तक्ता दिला. साहेब पाच तास दहा मिनिटं. हेडक्लार्क सात तास चाळीस मिनिटं (डबा धरून). कारकून सरासरी सहा तास. आणि मामा आठ तास, म्हणजे सगळ्यांत जास्त.

आता मामा दिवसभर ऑफिसभर फिरत असतात, हे मलाही दिसतं. वरच्या मजल्यावर फाइल, खालून चहा, बँकेत भरणा, परत वर. पण सेवापुस्तकात त्यांची कामाची जागा 'स्टूल' अशी लिहिली आहे, आणि वेळ साडेनऊ ते साडेपाच. कागदावर जो माणूस आठ तास स्टुलावर आहे, तो आठ तास बसलाच म्हणायचा. मी कागदाबाहेर जाऊन कधी पाहत नाही. तशी सवय लागली तर माणूस कामातून जातो.

पुढच्याच आठवड्यात परिपत्रक निघालं. 'विषय : कर्मचाऱ्यांच्या आरोग्यासाठी उभ्याने कामकाज करणेबाबत.' मसुदा माझाच होता आणि तो बरा उतरला होता, हे सांगायला मला संकोच वाटत नाही. त्यात एक कलम भाषेबद्दलही होतं. 'बैठक' हा शब्द बंद करून 'उभक' असा शब्द वापरायचा. कामाची 'घडी बसवणे' ऐवजी घडी उभी करावी. एखाद्या प्रकरणात 'मेळ बसत नाही' असा शेरा कुणी मारू नये, मेळ उभा राहत नाही असं लिहावं. (रजेच्या अर्जात 'घसा बसला आहे' असं लिहिणाऱ्या टायपिस्ट बाईंना ताकीद देण्यात आली.)

साहेबांसाठी बटणाने वरखाली होणारं टेबल आलं. बटण दाबलं की ते गुरगुरत वर यायचं. सकाळी साडेदहाला ते वर यायचं, साहेब उभे राहायचे, फोटो निघायचा, आणि दहा चाळीसला ते खाली जायचं. टेबलाची चाचणी दोन्ही स्थितींत होणं गरजेचं होतं. खालच्या स्थितीतली लांबलचक आणि कंटाळवाणी चाचणी साहेबांनी दुसऱ्या कुणावर न ढकलता स्वतःच्या अंगावर घेतली.

बाकीच्या चौदा टेबलांना बटण नव्हतं. ती एक फूट उंच करायची होती. कशी, हा प्रश्न पहिल्याच उभकीत आला.

तो सोडवला हेडक्लार्कांनी. त्यांना ऑफिसात सगळे पेपरवेट म्हणतात. एकोणीस वर्षं ते एकाच खुर्चीत होते आणि त्यांच्याखालून एकही कागद हलला नव्हता. परिपत्रक निघाल्यावर ते पहिल्यांदा सगळ्यांदेखत उभे राहिले, तेव्हा ते बुटके आहेत हे ऑफिसला कळलं. बसलेले असताना त्यांचा दरारा चांगला पावणेसहा फूट होता.

पेपरवेट म्हणाले, "साहेब, आपल्याकडे प्रलंबित प्रकरणांचे गठ्ठे आहेत की. नुसते पडून आहेत."

एका गठ्ठ्याची उंची सहा इंच. एका पायाखाली दोन गठ्ठे. चौदा टेबलं, छप्पन्न पाय, एकशे बारा गठ्ठे. रविवारी सुतार आला आणि सोमवारी टेबलं उभ्या माणसाच्या कोपराशी आली. आमच्याकडे एकूण प्रलंबित प्रकरणं होती आठ हजार एकशे दोन. त्यांतली सात हजार आठशे चाळीस पायांखाली गेली. पायाखाली गेलेली वस्तू फर्निचर होते, म्हणून ती 'प्रलंबित' या सदरातून 'फर्निचर' या सदरात गेली. एका रविवारात आमची थकबाकी जवळजवळ सत्त्याण्णव टक्क्यांनी खाली आली. वरच्या मजल्यावरच्यांना हा आकडा इतका लागला की त्यांनी आमच्याशी बोलणं टाकलं.

खुर्च्या आणि बाकं अभिलेख कक्षात, म्हणजे जुन्या दफ्तरांच्या खोलीत, नेऊन ठेवली. सगळ्यांत आधी गेलं ते मामांचं स्टूल, कारण तक्त्यात पहिला नंबर त्यांचा होता. ते मामांनी स्वतःच उचलून नेलं. परत आले आणि स्टुलाच्या जागेवर उभे राहिले.

"मामा, तब्येतीसाठी आहे हे," साहेब म्हणाले.

"हो साहेब. चांगलंच आहे," मामा म्हणाले.

खिडकीचं काय झालं तेही सांगायला हवं. खिडकीतली काच बसलेल्या कारकुनाच्या उंचीने कापलेली होती. कारकून उभा राहिल्यावर बाहेरच्या माणसाला त्याच्या छातीपासून पट्ट्यापर्यंतचा भाग दिसू लागला. लोक पहिल्या दिवशी बावचळले, मग सरावले. कोण आहे हे पोटावरून ओळखू लागले. लोक पूर्वीपासून रांगेत उभेच होते, त्यामुळे त्यांना वेगळं काही करावं लागलं नाही. अहवालात मी त्यांना योजनेचे लाभार्थी म्हणून दाखवलं. वर्षाला एकतीस हजार चारशे लाभार्थी, आणि एकानेही मागणी केली नव्हती.

पहिला आठवडा सगळे उभे राहिले. दुसऱ्या आठवड्यात जुनी दफ्तरं तपासण्याची ओढ वाढली. अभिलेख कक्षात पूर्वी आठवड्यातून तीन वेळा कुणीतरी जायचं. आता दिवसातून एक्केचाळीस वेळा जाऊ लागलं. इतिहासाची एवढी आवड आमच्या ऑफिसात मी कधी पाहिली नव्हती. पेपरवेटांची एक पडताळणी दोन तास वीस मिनिटं चालली. मीही जात होतो. तिथे सदतीस खुर्च्या आणि तीन बाकं होती, आणि जुन्या दफ्तरांना टेकून डोळे मिटले की माणसाला गतकाळाचा फार चटकन प्रत्यय येतो.

फक्त साहेब अचानक येण्याची भीती होती. म्हणून मामांना दाराबाहेर उभं केलं. साहेब येत असले की एकदा खोकायचं, बाहेरचा कुणी असला की दोनदा. मामांनी हे कामही विनातक्रार केलं. म्हणजे आता साहेब आत बसलेले, आम्ही अभिलेख कक्षात बसलेले, आणि दोन्ही दारांच्या मधल्या बोळात मामा उभे. योजना शंभर टक्के राबवणारा माणूस ऑफिसात एकच होता.

दीड महिन्याने मामा माझ्याकडे आले. पायांत दुखतंय म्हणाले. पॅंट थोडी वर केली. पोटऱ्यांवर निळ्या शिरा दोरखंडासारख्या फुगल्या होत्या आणि घोट्याजवळ पट्टी होती.

"डॉक्टर म्हणतात, बसून काम करा," मामा म्हणाले. "स्टूल परत मिळालं असतं तर."

असं होणार हे धरून मी परिपत्रकात सोय ठेवली होती. प्रपत्र 'ब'. ज्याला वीस मिनिटांपेक्षा जास्त उभं राहता येत नाही त्याने हे भरायचं, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी जोडायची आणि स्वतः खिडकीवर आणून द्यायचं. आपल्याच माणसाचा अर्ज आतून घेतला तर लोक नावं ठेवतात. मामांनी प्रपत्र भरलं आणि बाहेरून जाऊन रांगेत लागले. त्या दिवशी रांग मोठी होती. दोन तास दहा मिनिटांनी त्यांचा हात खिडकीतून आत आला. खिडकीवर मीच होतो.

मी अर्ज वाचला. अर्जदार वीस मिनिटांपेक्षा जास्त उभा राहू शकत नाही, असं त्यात होतं. रांगेची वेळ मात्र टोकनवर छापलेली होती. मला वाईट वाटलं, पण टोकन खोटं बोलत नाही. मी शेरा लिहिला : 'अर्जदार १३० मिनिटे उभा असल्याचे दिसून येते, सबब अमान्य.'

शेरा वाचून मामा म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. उभा होतो खरा."

दुसऱ्या दिवशी मामी आल्या. त्या घरी शिवणकाम करतात, ऑफिसात कधी आल्या नव्हत्या. त्याही रांगेत उभ्या राहिल्या. त्यांचा नंबर आला तेव्हा मला त्यांचा आवाज ऐकू आला आणि त्यांना माझं पोट दिसलं.

"कोण बोलतंय?" मामींनी विचारलं.

"बोला बाई, काय काम आहे?"

"काम नंतर सांगते. आधी तोंड दाखवा. कुणाशी बोलले ते घरी काय सांगू? एका निळ्या शर्टाशी बोलले म्हणून?"

मी वाकलो. मामींनी मला ओळखलं. त्यांच्या हातचा शर्ट मी दोनदा शिवून घेतला आहे.

"तुम्हीच का," त्या म्हणाल्या. "बरं झालं. हे घरी येतात ते भिंतीला पाय लावून आडवे पडतात. पट्टी सोडली की रक्त येतं. रोज सांगते, सोडा नोकरी. म्हणतात, सहा वर्षं राहिली. अहो, माणूस बासष्टचा झाला, सहा वर्षं कसली राहिली?"

"कागदावर चौपन्न आहेत, मामी."

"तो कागद दुरुस्त करायला अकरा वर्षांपूर्वी दिलाय. तुमच्याच ऑफिसात."

हे मला ठाऊक होतं आणि नव्हतंही. मामांच्या जन्मसालात शेवटी एक होता. वरच्या मजल्यावर कुणीतरी त्याचा नऊ केला. एक आणि नऊ यांचं पूर्वीपासून जमतं. त्यामुळे नोकरीला लागले तेव्हा मामा ऑफिसात वीस वर्षांचे होते आणि घरी अठ्ठावीस. तरुण झाल्याचं तेव्हा त्यांना बरंच वाटलं असणार. पाय दुखायला लागले तेव्हा आठ वर्षं जास्त उभं राहावं लागणार हे लक्षात आलं, आणि त्यांनी अर्ज केला. आपल्याच कर्मचाऱ्याची नोंद आपणच दुरुस्त करावी की नाही, या मुद्द्यावर तो अडकला. मुद्दा खरोखरच नाजूक होता, म्हणून कुणी त्याला हात लावला नाही.

"बघतो," मी मामींना म्हणालो.

"बघा. आणि वाकून बघा," मामी म्हणाल्या. "उभ्याने तुम्हाला काही दिसत नाही."

मी नोंदवही काढली. मामांचा अर्ज गठ्ठा क्रमांक त्रेसष्टमध्ये होता. गठ्ठा क्रमांक त्रेसष्टची जागा : हेडक्लार्कांचं टेबल, पुढचा उजवा पाय, खालून पहिला. मी पेपरवेटांकडे गेलो.

"तो काढला तर माझं टेबल कलंडेल," ते म्हणाले.

"त्या जागी दुसरा सरकवू."

"दुसरा आणणार कुठून? शिल्लक प्रकरणं दोनशे बासष्ट. ती चालू आहेत. चालू प्रकरण पायाखाली घालता येत नाही, आधी ते प्रलंबित व्हावं लागतं."

"त्याला किती दिवस लागतील?"

"सगळ्यांनी मन लावून काम केलं तर सहा महिने," पेपरवेट म्हणाले. "शिवाय तो आता गठ्ठा नाही, फर्निचर आहे. फर्निचरमधून कुणाची जन्मतारीख काढायची तर आधी फर्निचर मोडीत काढावं लागतं. आणि नऊ दिवसांवर समिती आलीय. तुमच्याच योजनेला बक्षीस द्यायला येतायत ना?"

होय, तेही होतं. आमच्या योजनेची कीर्ती वरपर्यंत गेली होती आणि तीन जणांची समिती पाहणीला येणार होती. बक्षिसाचं नाव उभारी पुरस्कार. योजनेचा शिल्पकार म्हणून माझं नाव अहवालाच्या पान दोनवर होतं. नऊ दिवसांचा प्रश्न होता. मामा अकरा वर्षं थांबले होते. अकरा वर्षांच्या मानाने नऊ दिवस म्हणजे किती, हे मी गणित करून पाहिलं. पाव टक्काही होत नाही. मी कामाला लागलो. मामांना काही सांगितलं नाही. असल्या गोष्टी माणसाला खाली बसवून सांगायच्या असतात, आणि तशी सोय नव्हती.

समिती आली. अध्यक्ष, एक हाडांचे डॉक्टर, आणि तिसरे एक सदस्य, जे कोण होते ते शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांनी चौदा टेबलांवर चौदा माणसं उभी पाहिली आणि माना डोलावल्या. मग पाहुण्यांना उभं ठेवणं बरं दिसत नाही म्हणून अभिलेख कक्षातून तीन खुर्च्या आणल्या. (खुर्च्या कोमट होत्या. समितीला ते आदरातिथ्य वाटलं.) समारंभ हॉलमध्येच ठेवला होता. पेपरवेटांच्या टेबलावर चादर घालून त्याचं व्यासपीठ केलं. त्यावर स्मृतिचिन्ह, फुलदाणी आणि पाण्याचे सहा ग्लास.

अध्यक्षांनी विचारलं, "या योजनेचा सगळ्यांत जास्त लाभ कुणी घेतला?"

कागदोपत्री उत्तर एकच होतं. मी मामांना पुढे बोलावलं. आठ तासांवरून शून्यावर आलेला कर्मचारी म्हणून त्यांची ओळख करून दिली. टाळ्या झाल्या. 'उत्कृष्ट उभा कर्मचारी' हे पदक त्यांना साहेबांच्या भाषणानंतर द्यायचं ठरलं, आणि तोवर त्यांना टेबलाच्या उजव्या बाजूला उभं राहायला सांगितलं.

साहेबांचं भाषण लिहून मीच दिलं होतं. अकरा पानं होती. साहेब सहाव्या पानावर होते. 'उभा राहणारा समाज कधी आडवा होत नाही,' हे वाक्य ते वाचत होते, तेव्हा मामा बसले.

पडले नाहीत. एक हात टेबलाला लावला, एक हात गुडघ्यावर ठेवला आणि सावकाश फरशीवर मांडी घालायला गेले. मांडी जमली नाही, म्हणून पाय पुढे पसरले. पॅंटच्या खालच्या कडेशी लाल डाग होता.

साहेब थांबले. "मामा, काय हे?"

"तुमचं चालू द्या साहेब," मामा खालून म्हणाले. "कान उभे आहेत माझे."

साहेबांनी सातवं पान काढलं, पण ते त्यांना लागेना. मामा शेजारच्या पायाखालचा गठ्ठा पाहत होते. चादर तिथे थोडी वर गेली होती आणि गठ्ठ्याची चिठ्ठी दिसत होती. मग त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"हा त्रेसष्ट नंबर माझा ना?"

हॉलमधल्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. पेपरवेट डोळ्यांनी 'नाही' म्हणत होते. माझ्या नोकरीत मी टिपणी लिहिल्याशिवाय कधी कुणाला उत्तर दिलेलं नाही. त्या दिवशी कसं कुणास ठाऊक, तोंडातून 'हो' निघून गेलं.

"सोडू का?" मामांनी विचारलं.

कुणीच बोललं नाही. ऑफिसात उत्तर आलं नाही की होकार धरायचा असतो, हे मामा चौतीस वर्षांत शिकले होते. त्यांनी सुतळीची गाठ सोडली. अकरा वर्षं दाबून ठेवलेल्या फाइली एकमेकींवरून घसरल्या, टेबलाचा पाय त्यांच्यात रुतला आणि व्यासपीठ उजवीकडे झुकलं. आधी ग्लास आले, मग फुलदाणी, मग स्मृतिचिन्ह. साहेबांची आठ ते अकरा पानं भिजली, ही एक जमेची बाजू. पेपरवेट टेबल धरून उभे राहिले. त्या टेबलासाठी त्यांना मी काही करताना पाहिलं ते तेवढंच.

मामा त्या पाण्यात बसून बोटाला थुंकी लावत एकेक फाइल पाहत होते. स्वतःची सापडली तेव्हा त्यांनी ती सदऱ्याला पुसली.

हाडांचे डॉक्टर खुर्चीतून उठले, मामांजवळ टेकले आणि पॅंट वर करून पट्टी सोडली. "हे पाय घेऊन किती तास उभे असता?"

"ऑफिस साडेनऊला. उघडायला अर्धा तास आधी, बंद करायला अर्धा तास नंतर."

"आणि कुणाला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं की. पण उभ्याने सांगितलं, म्हणून चाललं नाही."

डॉक्टरांनी तीन कोमट खुर्च्या एकापुढे एक लावल्या, मामांना त्यांवर आडवं केलं आणि पाय उंच ठेवायला लावले. अध्यक्ष आणि ते तिसरे सदस्य बाजूला उभे राहिले. एकदा बसल्यावर समितीतल्या कुणी उभं राहण्याचा आमच्याकडचा हा एवढाच प्रसंग.

समितीदेखत निघालेली फाइल पुन्हा पायाखाली घालता येईना. तो नाजूक मुद्दा चार दिवसांत सुटला. नऊचा एक झाला. मामा बासष्ट वर्षांचे ठरले, म्हणजे दोन वर्षं दोन महिन्यांपूर्वीच निवृत्त झालेले निघाले. त्यामुळे मधल्या सव्वीस महिन्यांत ते ऑफिसात जे उभे होते तो 'अनधिकृत वावर' ठरला. जाहीर झालेलं पदकही रद्द करावं लागलं, कारण घटनेच्या दिवशी ते कर्मचारी नव्हते. निरोप समारंभाची फाइल मी तयार केली होती. पण दोन वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाला आज निरोप देता येत नाही, असा शेरा पेपरवेटांनी मारला. तो शेरा नियमाला धरून होता.

दारांच्या किल्ल्या मामांकडेच राहिल्या होत्या. त्या घ्यायला मी त्यांच्या घरी गेलो. मामा दारालगत एका खुर्चीत होते, पाय समोरच्या दुसऱ्या खुर्चीवर, उशी घालून. आतल्या खोलीत मामींचं मशीन चालू होतं. मी आत आलो तरी मामा उठले नाहीत. चौतीस वर्षांत असं पहिल्यांदाच झालं. मीच दारात उभा राहिलो.

"बसा," मामा म्हणाले.

"बसा हो," मामी आतून म्हणाल्या. "इथे प्रपत्र लागत नाही."

मी बसलो. चहा आला. किल्ल्या मिळाल्या. तरी माझं उठायचं होईना. शेवटी मी सांगितलं की गठ्ठा कुठे आहे हे मला समितीच्या नऊ दिवस आधीपासून माहीत होतं.

"ठाऊक आहे मला," मामा म्हणाले. "पेपरवेट साहेबांशी बोलत होतात तेव्हा मी दारातच होतो. दाराबाहेरचा माणूस तुम्हाला दिसत नसला तरी त्याला ऐकू येतं."

"मग बोलला का नाहीत?"

"म्हटलं, तुम्ही काढाल. रोज वाट बघत होतो. पाहुणे आले तरी तुम्ही काढला नाहीत."

"म्हणून बसलात? पाय गेले म्हणून नाही?"

"पाय गेलेच होते," मामा म्हणाले. "जागा मात्र मी बघून बसलो."

मी चहा संपवला. मामी मशीन थांबवून बाहेर आल्या आणि त्यांनी माझ्या शर्टाचं सुटलेलं बटण तिथल्या तिथे लावून दिलं.

समितीने अहवालात योजनेचं कौतुकच केलं. टेबलाचा प्रकार 'तांत्रिक' या सदरात गेला. योजना आता सर्व कार्यालयांना लागू होत आहे, आणि मला एक वेतनवाढ मिळाली आहे.

राहता राहिली मामांची जागा. ती भरायची म्हणून जाहिरात दिली, मसुदा माझाच. 'दाराबाहेर उभे राहण्यासाठी एक माणूस पाहिजे. बसण्याची व्यवस्था नाही.' शिक्षण सातवी पुरे, असं स्पष्ट लिहिलं होतं. एका जागेसाठी तीन हजार एकशे सोळा अर्ज आले. त्यांत पदवीधर एकोणीसशे, इंजिनिअर दोनशे चाळीस, वकील अठ्ठावन्न, आणि एकाने संशोधन करून मिळवलेली पदवी जोडली आहे. चार तास विनाआधार उभं राहता येतं, असा दाखला सगळ्यांनीच लावला आहे.

तुम्ही इथपर्यंत वाचत आलात, एकदोनदा हसलाही असाल, आणि तेही आरामात बसून, असं मी धरून चालतो. अर्जांची यादी आता माझ्यासमोर आहे. तिच्यात तुमच्या मुलाचा अर्ज आहे. (मुलगा नसेल तर मुलीचा.) घरी सांगितलं नसेल. अर्ज नीटनेटका आहे, अक्षर चांगलं आहे, पाय उत्तम असल्याचा दाखलाही खरा आहे. अर्ज करण्याचं कारण काय, या रकान्यात लिहिलंय : 'मी एकदा स्वतःच्या पायांवर उभं राहावं, अशी आईवडिलांची फार इच्छा आहे.'